गाणं कुणी केलं, तेही सांगा



बक्षीस वितरण आणि गाण्यांचा कार्यक्रम यांच्यामधला शेवटचा अडथळा मी आहे, याची मला कल्पना आहे. त्यामुळे उपदेश नाही. एका माणसाबद्दल सांगतो. सोरेन रास्टेड हे नाव कुणी ऐकलंय? कुणीच नाही. आणि ‘बार्बी गर्ल’ हे गाणं? बघा, पहिल्या रांगेतल्या सरांचाही हात वर गेला!

ते गाणं १९९७ मध्ये आलं. ॲक्वा या डेन्मार्कच्या बँडचं. त्यातली बारीक, टोकदार आवाजाची लेने निस्ट्रॉम आणि घोगऱ्या आवाजाचा रेने डिफ हे दोघं साऱ्या जगाला दिसले. मागे की-बोर्डजवळ उभे होते सोरेन रास्टेड आणि क्लाउस नोरीन. गाण्यावर श्रेय चौघांचं आणि निर्मितीत आणखी दोघांचा हात, पण ॲक्वाच्या बहुतेक गाण्यांचा सांगाडा या मागच्या दोघांनी उभा केलेला. आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पॉप संगीतातला प्रोड्यूसर वेगळा. ढोलाचा ठोका किती कोरडा हवा, गायिकेचा आवाज किती पुढे आणायचा, कडव्यानंतर किती क्षण थांबायचं, हे सगळं तो ठरवतो. मी संगीत संयोजनाच्या धंद्यात आहे, म्हणून या जमातीबद्दल मला जरा जास्त आपुलकी.

या बँडची सुरुवात पडेल होती. जॉयस्पीड या नावाने १९९५ मध्ये स्वीडनमध्ये एक गाणं काढलं, ते चाललं नाही. मग नाव बदललं, १९९६ मध्ये ‘रोझेस आर रेड’ मायदेशात गाजलं आणि गाडी रुळावर आली. पुढे रास्टेडने डेन्मार्कमध्ये एक प्रदर्शन पाहिलं. विषय होता भडक, सवंग, बाजारू सौंदर्य. तिथे बार्बी बाहुल्या मांडलेल्या होत्या. तिथे त्याला गाण्याची कल्पना सुचली.

समीक्षकांनी हे गाणं थिल्लर ठरवलं. मी मात्र माझ्या विद्यार्थ्यांना ते आवर्जून ऐकायला लावतो. ताल मिनिटाला १३० ठोक्यांचा, म्हणजे पाय आपोआप हलणार. पण सुरावट मायनर आहे. आपल्या भाषेत कोमल गंधाराचा रंग. वर खिदळणं आणि खाली सूर उदास. प्लास्टिकच्या सुखावरची टीका त्या सुरांतच आहे. शब्दांकडे लक्ष न देणाऱ्यालाही ती कुठेतरी टोचते. हे अपघाताने होत नाही हो, कुणीतरी बसून करावं लागतं.

ब्रिटनमध्ये गाणं सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यानंतर ‘डॉक्टर जोन्स’ आणि ‘टर्न बॅक टाइम’ हीसुद्धा तिथे पहिल्या क्रमांकावर गेली. यातलं तिसरं तर संथ, गंभीर गाणं. ॲक्वाला फक्त उड्या मारता येतात असं म्हणणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं.

दरम्यान बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने अमेरिकेत रेकॉर्ड कंपनीवर दावा ठोकला. आमच्या बाहुलीचं नाव वापरलं, तिची बदनामी केली, वगैरे. आता अल्बमच्या वेष्टनावरच छापलेलं होतं की हे गाणं सामाजिक टिप्पणी आहे आणि बाहुली बनवणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. खटला काही वर्षं चालला. २००२ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी निकाल दिला की बार्बीचं नाव घेतल्याशिवाय बार्बीची थट्टा कशी करणार? विडंबनाला कायद्याचं संरक्षण आहे. आणि निकालाच्या शेवटी त्यांनी दोन्ही पक्षांना चक्क ‘जरा थंड घ्या’ असा सल्ला दिला! कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा, मजा येईल. गंमत पुढेच आहे. २००९ मध्ये त्याच मॅटेलने शब्द बदलून हेच गाणं आपल्या जाहिरातीत वापरलं. २०२३ च्या बार्बी चित्रपटासाठी निकी मिनाज आणि आइस स्पाइस यांनी जे गाणं केलं, तेही याच चालीवर बेतलेलं.

पण मला रास्टेड आवडतो तो पुढच्या कामासाठी. २००१ मध्ये बँड फुटला. एवढं यश पाठीशी असलेला माणूस आयुष्यभर तेच गाणं पुन्हा पुन्हा करू शकतो. याने लेझीबॉय नावाने वेगळाच प्रयोग केला. तालावर गाणं नाही, बोलणं. २००४ मध्ये त्यातल्या एका गाण्यात ग्रेग जिराल्डो या विनोदी कलावंताचं बोलणं घेतलं. मग २००७ मध्ये पुतण्या निकोलाय याच्याबरोबर ‘हाय मॅटेमॅटिक’ हा बँड काढला आणि डॅनिश भाषेत गाणी केली. डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा साधारण ५५ लाख. म्हणजे साऱ्या जगाची बाजारपेठ पाहिलेला माणूस आपल्या भाषेतल्या मोजक्या श्रोत्यांसाठी गाऊ लागला, आणि तिथेही लोकप्रिय झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त आहेत. तरी आमच्याकडे स्टुडिओत येणारी मुलं विचारतात, ‘सर, मराठीत गाणं केलं तर ऐकणार कोण?’ मी त्यांना हा आकडा सांगतो आणि कामाला लावतो.

असो, निवेदक घड्याळ दाखवताहेत. आता त्यांनाच एक विनंती. थोड्या वेळात इथे गाणी सुरू होतील. प्रत्येक गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव तुम्ही घ्यालच. त्याच्यासोबत ते गाणं लिहिलं कुणी, चाल कुणाची, संयोजन कुणाचं, हेही सांगा. नाव माहीत नसेल तर मंचामागे जाऊन फोनवर शोधा, तोवर मी माइक सांभाळतो.