खरेदीखतामागचं गहाण



रिसोड असो की मानोरा, पेरणीच्या तोंडावर जे घडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बियाण्याला पैसा हवा असतो. सावकार देतो, पण गहाणखत न करता दुय्यम निबंधकाकडे नेऊन शेताचं खरेदीखतच करून घेतो. “पैसे फेडले की शेत पलटवून देईन,” हा बोल तोंडीच राहतो. व्याज थकतं, सातबाऱ्यावर त्याचं नाव चढतं. शेतकरी म्हणतो, सही माझीच, आता काय बोलू?

सहीनंतर कायद्याला मध्ये पडता येतं का, हा वाद १८४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही झाला. किंझी यांनी १८३८ मध्ये शिकागोतली मालमत्ता ब्रॉन्सन यांच्याकडे गहाण ठेवली होती. पुढे मंदीत इलिनॉय राज्याने कायदा केला : लिलावानंतरही बारा महिने ऋणकोला जमीन सोडवता येईल आणि मूल्यांकनाच्या दोन-तृतीयांशाखाली ती विकली जाणार नाही. सरन्यायाधीश टॉनी यांनी तो जुन्या गहाणांना लागू होऊ दिला नाही. झालेल्या कराराला धक्का नको, हा त्यांचा आधार. मात्र शेतीची अवजारं आणि कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळण्याचा राज्याचा अधिकार त्यांनी त्याच निकालात मान्य केला. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० हेच संरक्षण देतं. वखर, तिफण, पोटापुरत्या शेतीला लागणारे बैल आणि बियाणं कोर्टाच्या हुकमानेही जप्त होत नाही.

महाराष्ट्र टॉनींच्या पुढे गेला आणि ते योग्यच झालं. ऐन मृगात बियाण्याविना अडलेल्या माणसाची सही ही राजीखुशीची सही नव्हे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याचं कलम १८ झालेल्या व्यवहारातही हात घालतं. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. जमीन सावकारीच्याच व्यवहारात गेली असं चौकशीत दिसलं, तर खरेदीखत अवैध ठरवून ती परत देण्याचा हुकूम ते काढू शकतात. शिवाय थकलेल्या व्याजापोटी मुद्दलाहून जास्त रक्कम कोर्टालाही मंजूर करता येत नाही.

चौकशीत पुराव्याला वजन असतं. व्याजाच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या नोंदी, खरेदीनंतरही शेत तुम्हीच वाहता हे सांगणारे शेजारी, सगळं जपा. आणि मुदत आहे पंधरा वर्षांची, अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलेली. तेव्हा खरेदीखत काढून त्यावरची तारीख आजच वाचा.