कोकणात राहायचे तर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणाविषयी बोलण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. नारळी-पोफळीच्या बागा, हापूस आंबा, समुद्रकिनारा आणि गणपतीला गावी जाणारा चाकरमानी एवढ्यावर वर्णन संपते. आणि मग ‘निसर्गाने भरभरून दिले, पण माणसे आळशी’ असा शेरा मारून बोलणारा मोकळा होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कामासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याने हा शेरा घाटमाथ्यावरच टाकून खाली उतरावे. त्या प्रदेशात उभा जन्म काढलेला माणूस नवख्याला ज्या चार गोष्टी सांगतो, त्या वरवर पाहता साध्या व्यवहाराच्या वाटतात. परंतु त्यांच्या तळाशी तेथील सारे अर्थकारण आहे.

पहिली गोष्ट अशी की, गाव पाहायचे तर मे महिन्यात पाहावे. श्रावणातले कोकण पाहून मत बनवणाऱ्याचे मत हमखास चुकते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, म्हणजे सोलापूरच्या पाच-सहापट, पडणाऱ्या या भूमीत वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि वाड्यावाड्यांतून बायका घागर-कळशी घेऊन टँकरची वाट पाहतात. याचे कारण गूढ नाही. जांभा दगड पाणी पितो, पण धरून ठेवत नाही, सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, उतार तीव्र, आणि जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो. कोयनेचे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास कृष्णा लवादाने मान्यता दिली. त्यातले बहुतेक पाणी वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळते. त्याच वाशिष्ठीच्या काठचे चिपळूण २२ जुलै २०२१ रोजी पुरात बुडाले. पाण्याचा तुटवडा आणि पाण्याचा कहर एकाच तालुक्याने सोसावा, याला निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही. तो नियोजनाचा अभाव आहे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. मृगापूर्वी प्रत्येक घराला आगोट भरावी लागते. सुकी मासळी, मीठ, मिरची, कांदे, सरपण आणि छपराची डागडुजी हे सारे पाऊस लागण्याआधी उरकायचे असते. म्हणजे वर्षातला मोठा रोख खर्च नेमका अशा वेळी येतो, जेव्हा भाताचे पैसे कधीच संपलेले असतात. ही खोट अनेक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीने भरून काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींइतकीच झळ सावंतवाडी-संगमेश्वरच्या चुलींनाही लागली. कोकणची शेती स्वतःच्या पायावर उभी नव्हती. शहरातल्या मजुरीवर ती तोलून धरलेली होती, हे त्या संपाने उघडे केले. व्यवहाराचा धडा असा की, आगोटीच्या आणि लावणीच्या दिवसांत सभा बोलावू नये. त्या दिवसांत ज्याला सभेला येण्याइतकी सवड असते, त्याच्यासाठी ती सभा नसतेच.

तिसरी गोष्ट सातबाऱ्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. कोणत्याही वाडीतला एक उतारा मागून पाहावा. चार गुंठ्यांच्या तुकड्यावर पंधरा-वीस नावे सापडतात. त्यांतली काही मृतांची, काही मुंबईकरांची, काही लग्न होऊन गेलेल्या बहिणींची, आणि प्रत्यक्ष चिखलात उभी राहणारी सून कित्येकदा त्या कागदावर नसतेच. या नावांमागे मोठा इतिहास आहे. खोतांच्या जुलमाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेती न करण्याचा संप चालवला, नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ साली झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कुळाला कायद्याने मालक मानले. एवढ्या झगड्याने मिळालेली जमीन पुढच्या पिढ्यांत वाटण्या न होता सामायिक राहिली, आणि सामायिक जमिनीची आबाळ सुरू झाली.

आबाळ म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहावे. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० साली आली आणि कोकणच्या सड्यांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. परंतु अनुदानासाठी उतारा हवा आणि उताऱ्यावरच्या सर्वांची संमती हवी. ज्याचे खाते स्वतंत्र होते, त्याने बाग केली. ज्याचे सामायिक होते, त्याचा भाऊ बोरिवलीत आणि चुलता विरारला, त्याचे वरकस पडीक राहिले. पुढे पडीक जमिनीला गिऱ्हाईक मिळू लागले. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरची बंधने २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली. ज्या भावकीला पंचवीस वर्षांत वाटणीसाठी एकत्र बसता आले नाही, ती दलालाच्या गाडीत बसून एका दिवसात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हजर होते. पैसा वीस ठिकाणी वाटला जातो, आणि गावी राहणाऱ्याच्या वाट्याला कुंपणाच्या बाहेरची पाखाडी येते.

जे राहतात, ते कोण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. हा आकडा स्त्रीसन्मानाचा पुरावा म्हणून कोणी सांगू लागला, तर त्याला थांबवावे. तो रोजगारासाठी बाहेर पडलेल्या पुरुषांचा हिशेब आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्यासाठी आयुष्याची उमेद वेचली, ते काम मोलाचेच होते. पण गावात काम नसेल, तर रेल्वे माणसाला गावी आणण्यापेक्षा गावाबाहेर नेण्याचेच काम अधिक करते. मग आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळचा मजूर येतो. येथील माणूस आळशी नाही. आपल्या जमिनीवर आपल्याच श्रमाचे फळ मिळेल, ही खात्री त्याला नाही, म्हणून तो जातो.

चौथी गोष्ट गावकीची. कोकणात गाव एक दिसते, पण नांदते वाडीवाडीने. मानकऱ्यांना डावलून सभा होत नाही, आणि केवळ मानकऱ्यांशी बोलून कामही होत नाही. कारण बौद्धवाडीचा आणि कुळवाडीचा प्रश्न तेथे उच्चारला जात नाही. म्हणून आधी प्रत्येक वाडीत बसावे, पेज घ्यावी, ऐकावे. निर्णयाची बैठक मात्र गणपतीत किंवा शिमग्यात घ्यावी. उताऱ्यावरची वीसपैकी पंधरा नावे वर्षातून त्याच दिवसांत एका अंगणात भेटतात. आरती झाल्यावर, पानसुपारीच्या वेळी, वाटणीचा कागद पुढे ठेवावा; भजनाइतकाच वेळ त्याला द्यावा.

यातून कामाची दिशा आपोआप ठरते. दसरा उलटला, की पऱ्ह्याचे पाणी वाहते आहे तोवरच रेतीची पोती रचून बंधारे घालावेत. डिसेंबरात जाग आली तर अडवायला काही उरत नाही. मृतांची नावे कमी करून वारसनोंदी करून घ्याव्यात, आणि त्यांत राबणाऱ्या बाईचे नाव आवर्जून लावावे. जे मुंबईला आहेत, त्यांनी जमीन विकू नये असा उपदेश पुरेसा नाही. गावी राहून कसणाऱ्याला ती ठरावीक मुदतीने, लेखी करून द्यावी, असा आग्रह धरावा. कसणाऱ्याचा हक्क कागदावर आला, तरच तो बांध घालील, कलम लावील, विहीर खणील.

या कामात मोर्चा नाही, घोषणा नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. तलाठ्याकडे सात हेलपाटे आहेत आणि भावकीचे टोमणे आहेत. तरीही चरीच्या शेतकऱ्यांनी उपासमार सोसून जे मिळवले, ते राखण्याचा याहून जवळचा मार्ग दिसत नाही. कोकणात उतरणाऱ्या कार्यकर्त्याने पिशवीत पत्रके थोडी कमी न्यावीत, आणि वारसनोंदीचे कोरे अर्ज थोडे अधिक न्यावेत.