सायकलचा क्रँक घरीं बदलतांना
(नभोवाणीवरील भाषण)

सायकल चालवणाऱ्यास एक आवाज फार परिचित असतो. पायडलावर भार पडला कीं खालून 'टक्' असें होतें. एक फेरा पुरा झाला कीं पुन्हां 'टक्'. पहिले आठ दिवस आपण तिकडे लक्ष देत नाहीं. पुढच्या आठ दिवसांत तो आवाज घरांतल्या सर्वांच्या ओळखीचा होतो. आणि मग एके दिवशीं ऐन चढावर डाव्या पायाखालचें पायडल बोट-दोन बोटें एकदम निसटतें आणि स्वार पुढें फेंकला जातो. रस्ता मोकळा असेल तर गुडघा खरचटण्यावर निभावतें. परंतु शिरूरजवळून जाणाऱ्या पुणें-नगर रस्त्यावर, रांजणगांवच्या कारखान्यांकडे निघालेल्या मालमोटारींच्या रांगेंत, किंवा गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉलीशेजारून दौंडकडे येतांना तें निसटलें, तर काय होईल हें मीं सांगावयास नको. पायडल ज्या लोखंडी दांड्याच्या टोंकास बसवलेलें असतें त्या दांड्यास क्रँक म्हणतात. हा क्रँक घरच्या घरीं काढावा व बसवावा कसा, आणि त्यासाठीं कोणतीं हत्यारें घ्यावींत, हा आजचा विषय आहे.

शिरूर आणि दौंड हीं नांवें मीं सहज घेतलेलीं नाहींत. दोन्ही गांवें पुणें जिल्ह्यांतील तालुक्यांचीं ठाणीं. दौंडास रेल्वे आहे. मनमाडचा फांटा १८७८ सालीं सुरू झाला तेव्हांपासून तें जंक्शन झालें, आणि पहाटेची पुण्याची गाडी गांठण्यासाठीं स्टेशनाकडे सायकल हांकणारा चाकरमानी तेथें अजूनही दिसतो. घोडनदीच्या कांठच्या शिरूरास रेल्वे नाहीं. तेथें सायकल आहे ती मुख्यतः विद्यार्थ्यांची आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या कामकऱ्यांची. पूर्वीं दुधाच्या किटल्याही सायकलीवरूनच येत. ती जागा आतां मोटारसायकलीनें घेतली. तिच्यामागोमाग सायकलचा जुना मिस्तरीही मोटारसायकलीकडे वळला, आणि सायकलीच्या नांवावर पुष्कळ दुकानांत उरलें तें पंक्चर काढणें. पुण्याचीं मोठीं दुकानें सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर. म्हणजे थोडक्या रुपयांच्या एका खिळीसाठीं एक दिवसाची मजुरी, किंवा मुलीची एक दिवसाची शाळा बुडते. मोठ्या शहरांत राहणाऱ्यांस हें हत्यारांचें प्रकरण हौसेचें वाटेल. तालुक्याच्या गांवीं तें गरजेचें आहे.

हत्यार विकत घेण्यापूर्वीं आपल्या सायकलचा क्रँक कोणत्या जातीचा आहे हें पाहावें. हें न पाहतां पेटीभर हत्यारें आणणारे गृहस्थ पुष्कळ. त्यांच्या पेट्या माळ्यावर गंजत पडलेल्या असतात.

आपल्याकडची नेहमींची काळी सायकल इंग्लंडांतील रोडस्टर सायकलीच्या धर्तीवर बनलेली आहे, आणि तिचा क्रँक कॉटरनें बसवलेला असतो. कॉटर म्हणजे एका अंगानें तिरपी सपाट केलेली पोलादी खिळी. खरें पाहतां ती पाचरच. मधल्या ॲक्सलच्या टोंकास एक सपाट खांच असते. क्रँकच्या डोळ्यांतून ही पाचर आडवी ठोकली कीं तिची सपाट बाजू त्या खांचेवर घट्ट दाबून बसते आणि क्रँक ॲक्सलशीं एकजीव होतो. बारीक टोंकास आटे असून त्यांवर वायसर व नट असतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. क्रँकला धरून ठेवते ती पाचर; नट धरून ठेवीत नाहीं. नटाचें काम एवढेंच कीं ठोकलेली पाचर मागें येऊं नये. पुष्कळांना वाटतें कीं नट आवळला म्हणजे कॉटर आंत ओढला जाईल. मग ते पान्ह्यावर सारा जोर लावतात, नाजूक आटे तुटतात, आणि कॉटर असतो तेथेंच राहतो. 'टक्' हा आवाज बहुधा अशाच अर्धवट बसलेल्या पाचरेचा असतो.

आवाज कॉटरचाच आहे कीं आंतल्या छऱ्यांचा, हें ठरवण्यास हत्यार लागत नाहीं. दोन्ही क्रँक जमिनीशीं समांतर ठेवा, ब्रेक दाबून धरा, आणि पुढच्या पायडलावर हातानें भार देऊन सोडा. मग क्रँक अर्धा फेरा फिरवून तसेंच करा. एकच क्रँक आपल्या ॲक्सलवर किंचित् हलत असेल, तर दोष त्याच्या कॉटरचा. दोन्ही क्रँक व ॲक्सल मिळून डावीकडे-उजवीकडे डुलत असतील, तर कप सैल आहेत किंवा छरे झिजले आहेत; तें काम निराळें, आजच्या विषयांत तें येत नाहीं.

आतां हत्यारें. पहिलें, नटास नेमका बसणारा पान्हा, शक्य तर रिंग पान्हा. ज्याचा जबडा लहानमोठा करतां येतो तो पान्हा घरांत असतोच, पण या कामास तो घेऊं नये. तो सरकतो आणि नटाचे कोपरे झिजवतो. दुसरें, हातोडी. ती वजनदार असावी, अर्ध्या किलोहून कमी नसावी. हलक्या हातोडीचे वीस ठोके आट्याचें टोंक फुलवतात आणि कॉटर जागचा हलत नाहीं; जड हातोडीचा एक नेमका ठोका तो मोकळा करतो. तिसरें हत्यार विकत मिळत नाहीं, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें तेंच. हें म्हणजे लोखंडी पाइपाचा एक तुकडा. सायकल उभी करून, क्रँक आडवा धरून, जमिनीपासून क्रँकच्या डोळ्याच्या खालच्या अंगापर्यंतचें अंतर मोजावें व तेवढा पाइप कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानांतून कापून आणावा. त्याचें तोंड इतकें रुंद हवें कीं कॉटरचें जाड डोकें त्यांत सहज उतरेल. हा तुकडा डोळ्याखालीं उभा ठेवला म्हणजे ठोक्याचा जोर थेट जमिनींत जातो. तो नसेल तर प्रत्येक ठोका ॲक्सलमधून छऱ्यांवर व कपांवर बसतो, आणि थोडक्या रुपयांचा कॉटर काढतांना शेंकडों रुपयांचें काम आपण ओढवून घेतों. चौथें, बारीक दात्यांची सपाट कानस. एवढें पुरे. कॉटर दाबून काढण्याचें स्क्रूचें यंत्रही असतें. तें फार सोयीचें, पण आपल्या बाजारांत सहसा सांपडत नाहीं. लोहारकामाची जाण असणाऱ्यानें भक्कम सी-क्लॅम्पपासून तें करून घ्यावें. क्लॅम्प मात्र स्वस्तांतला नको, तो उघडतो.

काढण्याची रीत अशी. आदल्या रात्रीं दोन्ही टोंकांवर पातळ तेलाचे थेंब सोडावेत. सकाळीं आट्याचें टोंक वर येईल असा क्रँक फिरवून खालीं पाइप द्यावा. नट पुरता काढूं नये. त्याचें तोंड आट्याच्या टोंकाशीं सपाट होईल इतका सैल करावा, म्हणजे ठोका आट्यांवर न पडतां नटावरही विभागला जातो. दुसऱ्या कोणास सायकल घट्ट धरावयास सांगून मग एक सरळ, भरपूर जोराचा ठोका द्यावा. तीन-चार ठोक्यांत कॉटर हलला नाहीं आणि त्याचें टोंक वांकूं लागलें, तर तेथेंच थांबावें. असा अडकलेला कॉटर ड्रिलनें पोखरून काढावा लागतो, आणि तें काम मिस्तरीकडे द्यावें. त्याच्या मजुरीशीं घासाघीस करण्याचा हा प्रसंग नव्हे.

नवा कॉटर आणतांना जुना बरोबर न्यावा. जाडी बहुधा साडेनऊ मिलिमीटर असते, पण नऊ मिलिमीटरचेही मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु बारीक कॉटर जाड भोंकांत कधींच टिकत नाहीं. दोन्ही बाजूंचे कॉटर एकाच वेळीं व एकाच जातीचे बदलावेत, कारण त्यांचा तिरपेपणा निरनिराळा असला तर दोन क्रँक एका रेषेंत येत नाहींत. बसवतांना दोघांच्या दिशाही जुळाव्या लागतात. त्याची परीक्षा सोपी आहे. उजवा क्रँक सरळ वर आणला असतां त्याचा नट पुढच्या चाकाकडे येत असेल, तर डावा क्रँक वर आणल्यावर त्याचाही नट पुढच्या चाकाकडेच आला पाहिजे. तसें नसेल तर एक कॉटर उलटा बसला आहे. कॉटर पुरेसा आंत जात नसेल तर त्याची सपाट बाजू कानशीनें थोडी घासावी, पण तिरपेपणा मोडूं देऊं नये. दोन-तीन हात मारावेत, घालून पाहावें, पुन्हां घासावें. मग पाइप खालीं देऊन जाड टोंकावर ठोका मारावा आणि त्यानंतरच नट, तोही बेताचा, आवळावा. वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालल्यावर पुन्हां एक ठोका देऊन नट तपासावा. ही दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि महिन्याभरांत 'टक्' परत येतो.

क्रँकच वांकला असेल किंवा त्याचा डोळा झिजून रुंद झाला असेल, तर नवा घ्यावा लागतो. लांबी ॲक्सलच्या भोंकाच्या मध्यापासून पायडलच्या भोंकाच्या मध्यापर्यंत मोजतात. १६५ आणि १७० मिलिमीटर हीं नेहमींचीं मापें. डावा एका मापाचा व उजवा दुसऱ्या, असें केल्यास गुडघे तक्रार करतात. उजव्या क्रँकबरोबर चेनचें दातेरी चक्र येतें, म्हणून तो महाग. पायडल काढतांना हें ध्यानांत ठेवावें कीं डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घोकंपट्टी नको असेल तर एवढेंच लक्षांत ठेवा: पान्हा वरच्या बाजूस उभा धरून मागच्या चाकाकडे वळवला कीं दोन्हीकडचें पायडल सुटतें, पुढच्या चाकाकडे वळवला कीं आवळतें.

मुलांच्या हट्टापायीं घरोघर आलेल्या गिअरच्या सायकलींस कॉटर नसतो. तेथें ॲक्सलचें टोंक चौकोनी व निमुळतें असून क्रँक त्यावर बोल्टनें दाबून बसवतात. फ्रान्समधील स्ट्राँगलाइट या कारखान्यानें १९३३ सालीं ही रचना बाजारांत आणली. येथें हातोडीस मुळींच काम नाहीं. येथें लागतो क्रँक पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढण्याचा स्क्रू. त्याचे बाहेरचे आटे २२ मिलिमीटरचे असतात आणि ते क्रँकच्या डोळ्यांतील आट्यांत बसतात. याचे दोन प्रकार दुकानांत मिळतात, एकाचें टोंक बारीक व दुसऱ्याचें जाड. चौकोनी ॲक्सलला बारीक टोंकाचा हवा. बोल्टसाठीं ८ मिलिमीटरची ॲलन की किंवा १४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. कीचा दांडा लांब असावा. खिशांत मावणारी की येथें निरुपयोगी.

या क्रँकचें नुकसान दोनच प्रकारांनीं होतें, आणि दोन्ही टाळतां येण्यासारखे आहेत. बोल्टखालचा वायसर आंतच राहिला असतां पुलर लावला, तर पुलर ॲक्सलऐवजीं त्या वायसरवर दाबतो. क्रँक निघत नाहीं, आटे मात्र निघून हातांत येतात. म्हणून विजेरीनें आंत पाहावें. दुसरें असें कीं पुलर दोन-चार आट्यांवरच टेकवून फिरवायला लागूं नये. आटे जुन्या ब्रशानें साफ करून, तेल देऊन, पुलर बोटांनींच तळापर्यंत जाईल तेवढा आंत घालावा व मग पान्हा लावावा. क्रँक ॲल्युमिनियमचा, पुलर पोलादाचा. अर्धवट गुंतलेल्या आट्यांच्या झगड्यांत कोण हरणार हें उघड आहे. परत बसवतांना बोल्ट चांगला जोरानें, म्हणजे एक फूट लांबीच्या दांड्याच्या टोंकावर बारा-पंधरा किलोंचा भार दिल्याइतका, आवळावा. सैल बोल्टावर सायकल चालवूं नये. पोलादी चौकोन मऊ डोळा आंतून गोल करून टाकतो, आणि मग कोणतेंही हत्यार उपयोगी पडत नाहीं. अगदीं नव्या महागड्या सायकलींत ॲक्सल पोकळ असून तो एका क्रँकलाच जोडलेला असतो. त्यांस बहुधा ५ मिलिमीटरची ॲलन की लागते.

विकत घेण्याविषयीं माझें मत सांगतों. घरांत काळी सायकल असेल तर पान्हा, हातोडी, कानस व पाइप हीं घरचींच असावींत. पुलर मात्र वर्षांतून एखादे वेळीं लागणारी वस्तु. वाड्यांत, सोसायटींत किंवा शाळेंत सर्वांत मिळून एक चांगला घ्यावा. स्वस्त पुलरच्या आट्यांना धार नसते, आणि ती उणीव तो दुसऱ्याच्या क्रँकवर भरून काढतो. चकचकीत पेटींत बावीस हत्यारें एकत्र विकतात, त्यांच्या वाटेस जाऊं नये. त्यांतली दोन कामाचीं असतात, आणि त्या दोघांचेंच पोलाद कच्चें निघतें.

कॉटर विकत घेतांना दोन जास्त घ्यावेत व तेलकट फडक्यांत गुंडाळून पाइपाच्या तुकड्यांतच ठेवावेत. शाळा सुरू होण्याच्या आधींच्या रविवारीं मुलांच्या सायकलींचे क्रँक आडवे धरून एकदां हलवून पाहावेत, आणि मुलामुलींकडूनच तें करवून घ्यावें. काढलेला जुना कॉटर सरळ असेल तर त्यावर तारीख लिहून तोही तेथेंच टाकावा. पुढच्या वेळीं दुकानांत माप दाखवावयास तो उपयोगी पडतो.