ईस्टरचें पारणें



आमच्या केज तालुक्यांत गुढीपाडव्याचें पुरण शिजतें, त्याच सुमारास दूर वसईच्या ख्रिस्ती घरांतून ईस्टरच्या जेवणाची तयारी चाललेली असते. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार तो ईस्टर. २०२५ सालीं तो २० एप्रिलला आला, २०२६ सालीं ५ एप्रिलला. आपल्या सणांप्रमाणें हा सणहि चंद्राच्या गतीनें मागेंपुढें सरकतो.

या जेवणाला मी पारणें म्हणतों, तें मुद्दाम. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवसांचें व्रत असतें. पूर्वीं युरोपांत या काळीं मांसाबरोबर अंडीं व दूधहि वर्ज्य असे. कोंबड्या मात्र व्रत पाळीत नसत. अंडीं साठत, आणि ईस्टरला तीं पानांत येत. आज नियम सौम्य झाले आहेत. पण जें सोडलें तेंच सणाला प्रथम वाढावें, ही रीत टिकून आहे.

मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन घरांतलें ताट पाहा. मैदा, अंडें व नारळाचें दूध ताडीनें आंबवून, मुठींतून पिळून तेलांत सोडलेले गोल फुगे. शेजारीं सोरपोतेल किंवा विंदालू. विंदालूंतला 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे. लसणाच्या पोर्तुगीज शब्दाचा तो अपभ्रंश आहे. मूळ पदार्थांत द्राक्षाची दारू पडे; इकडे तिच्या जागीं सिरका आला. रश्श्याला चव देणारा 'बाटली मसाला' तर उन्हाळ्यांत, पावसापूर्वीं, वीसपंचवीस जिन्नस भाजून-कुटून काळसर बाटल्यांत भरून ठेवतात. आमच्याकडे काळें तिखट करण्याचा हंगामहि तोच. गोड म्हणून बदामाच्या पिठीचीं अंडीं करावयाचीं. पण बदाम महाग, म्हणून काजू वापरतात.

हें ऐकून कोणी म्हणेल, हें सारें परकीय. खरें आहे, १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनीं जिंकून घेईतों, वसई पोर्तुगीजांकडे होती, आणि त्या राज्याची खूण ताटांत राहिली. परंतु आपल्या एकादशीचें ताट तपासावें. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळें, हीं सारीं मूळचीं अमेरिकेंतलीं. ज्ञानेश्वरांच्या काळीं यांतलें एकहि इकडे नव्हतें. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज. आमची ज्वारीसुद्धां फार प्राचीन काळीं आफ्रिकेंतून आलेली. मग ठेचा-भाकरी आपली, आणि फुगे मात्र परके, हा न्याय कोणता?

प्रश्न केवळ ताटाचा नाहीं. जानेवारी २०२० मध्यें आमच्या शेजारच्या उस्मानाबादेस, आतांच्या धाराशिवास, ९३ वें मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ज्यांनीं 'सुवार्ता' मासिक चालविलें, बायबल सोप्या मराठींत आणलें, त्यांच्या निवडीवर ते ख्रिस्ती धर्मगुरु आहेत एवढ्याचसाठीं कांहीं मंडळींनीं आक्षेप घेतला. २०२४ सालीं ते निवर्तले. संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखालीं झालें, हें मराठवाड्याला भूषणावह आहे. आक्षेप निघाला, ही गोष्ट मात्र आपण विसरूं नये.

जो पदार्थ या भूमींतल्या नारळाच्या दुधांत भिजला आणि मराठी बोलणाऱ्या आजीच्या हातून नातीच्या हातीं आला, तो आपलाच. शहरांतून राहणाऱ्या आपणां श्रोत्यांच्या शेजारीं असें एखादें घर असेलच. ईस्टरला तेथून ताट आलें, तर आदरानें घ्यावें, कृति विचारावी, आणि रिकामें ताट परत न पाठवितां पुरणाची एक पोळी त्यांत ठेवावी.