शब्द समोरून, दाद मागून

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता विचारतो, 'किती वॅटचं हवं?' मला वाटतं, आपण आधी दुसरंच विचारावं. घरातल्या सगळ्यांना संवाद नीट कळतील ना?

मुशायऱ्याला तुम्ही गेला असाल. शायर समोर असतो. 'वाहवा, क्या बात है' मात्र डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून येते. दादेवाचून मैफल रंगत नाही. पण दाद शेरावर चढली, तर शेर हरवतो. सराउंडचं तंत्र याहून वेगळं नाही. '५.१' म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पुढे डावा, उजवा आणि मधला, बाजूंना दोन सराउंड, आणि खर्जासाठी सबवूफर. सिनेमातले बहुतेक संवाद येतात ते मधल्या स्पीकरमधून. म्हणजे तो आपला शायर. पाऊस, गर्दी, दूरची रेल्वे ही बाजूची दाद.

'शोले' १९७५ साली सत्तर एमएम पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजासह आला, तेव्हा आवाज सगळीकडून येतो याचंच लोकांना अप्रूप होतं. ते अप्रूप आता दिवाणखान्यात आलं आहे. पण थिएटर शेकडो माणसांसाठी बांधलेलं असतं, आपला हॉल चारजणांचा. तिथे मोठा आवाज सहज मिळतो, स्पष्ट आवाज मात्र मिळवावा लागतो. माझ्या अम्मीचं वय झालं आहे. पडद्यावर मोटारी उडायला लागल्या की ती म्हणते, 'बेटा, आवाज तर खूप आहे, पण बोलणं कुठं आहे?' आणि उठून आत जाते. घरातलं वडीलधारं माणूस उठून जात असेल, तर त्या वॅटांचं काय करायचं?

म्हणून पैसे मोजके असतील, तर ते आधी मधल्या स्पीकरवर खर्च करा. पुढचे तिन्ही शक्यतो एकाच मालिकेतले घ्या; नाहीतर पात्र पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला चालत गेलं की त्याचा गळा बदलतो. 'पीएमपीओ'च्या हजारोंच्या आकड्याला भुलू नका, 'आरएमएस' किती ते विचारा. दुकानदार स्फोटाचा प्रसंग लावील. तुम्ही कुजबुजीचा लावायला सांगा.

आता मांडणी. मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर, शोकेसच्या पोटात न ढकलता, तोंड तुमच्या कानांकडे करून ठेवा. डावा, उजवा आणि तुमची बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. सराउंड स्पीकर अगदी पाठीमागे नकोत. ते कानांच्या रेषेपेक्षा जरा मागे, दोन्ही बाजूंना, कानांहून फूट-दोन फूट उंच असावेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर ते बाजूच्या भिंतींवर लावा. तारा जोडताना अधिक-उण्याची अदलाबदल झाली, तर खर्ज पोकळ होतो, तेवढं तपासा.

आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. त्यामुळे प्रत्येक स्पीकर बैठकीपासून किती दूर आहे ते अँप्लिफायरच्या सेटिंगमध्ये भरा. मग नेहमीच्या जागी बसून चाचणीचा आवाज लावा आणि सगळे स्पीकर सारख्या पातळीवर आणा. तरीही बोलणं दबत असेल, तर फक्त मधला एक-दोन घरं वाढवा. फरशी उघडी असेल, तर सतरंजी टाका, पडदे लावा. घुमणारा आवाज शब्द खातो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या पाळण्यापर्यंत जातो. तो कोपऱ्यातून बाहेर काढा, आणि रात्री 'नाइट मोड' लावा.

सगळं झालं की एक परीक्षा घ्या. एखादा साधा घरगुती प्रसंग लावा. बाजूचे स्पीकर वाजताहेत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही आणि एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही, तर समजा, मैफल जमली.