बिल्ल्यावरील तीन चिन्हे
(वार्षिक समारंभातील भाषण)



आज एका लहानशा बिल्ल्याविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी घेतो. पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९४९ साली तिची कोनशिला बसली व १९५५ साली रीतसर उद्घाटन झाले. तिच्या बोधचिन्हावर तलवारी, नांगर आणि गरुड ही तीन चिन्हे एकत्र आहेत.

तलवारी भूदलाच्या. गरुड हवाईदलाचा. नांगर नौदलाचा; आणि ज्यांच्या वाडवडिलांनी जहाजावर नोकऱ्या केल्या, त्या आपल्या कोकणी बांधवांना नांगराचे मोल सांगावयास नको. ही चिन्हे एकत्र आहेत याचे कारण तिन्ही दलांचे छात्र येथे तीन वर्षे एका छताखाली शिकतात, एका पंगतीत जेवतात, आणि मगच आपापल्या दलाच्या पुढील शिक्षणास जातात.

चिन्हांसोबत ब्रीदवाक्य आहे: 'सेवा परमो धर्मः'. 'धर्म' हा शब्द पाहून एखाद्या पालकाच्या मनात शंका येते. ती मनात न ठेवता येथे बोललेली बरी. या वाक्यात धर्म म्हणजे कर्तव्य. आपण घरात ज्याला फर्ज म्हणतो तेच. आणि सेवा म्हणजे खिदमत. ही प्रबोधिनी खडकवासल्यास उभी राहण्यापूर्वीच, ३ जुलै १९४८ रोजी, झांगरच्या रणभूमीवर ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी प्राण देऊन हा अर्थ सिद्ध केला. सरकारने त्यांना मरणोत्तर महावीर चक्र दिले.

आता हा बिल्ला मुलींनाही लाभतो. २०२२ साली त्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

पालकहो, प्रवेशासाठी ना वशिला लागतो, ना देणगी. संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. पुढे मुलाखत व वैद्यकीय तपासणी. बारावीचे विद्यार्थी तिला बसू शकतात. शिक्षणाचा व राहण्याचा खर्च सरकार करते. मात्र लेखी परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर असतो, आणि आपली मुले आठवी-नववीतच गणिताला घाबरून मागे पडतात. तेव्हा तयारी बारावीत नव्हे, आठवीत सुरू करा. मुलांना रोज पहाटे धावावयास पाठवा, वर्तमानपत्र वाचावयास लावा.

पुढील वर्षी याच मंडपात एखाद्या मुलाने किंवा मुलीने उभे राहून "मी अर्ज भरला आहे" असे सांगितले, तर माझे हे बोलणे सार्थकी लागेल.

खुदा हाफिज.