चेहरा काढायला शिकताना

श्रोतेहो, माझी ओळख कवी म्हणून करून दिली जाते, पण आज बोलणार आहे ते पेन्सिलीविषयी. पन्नाशी उलटल्यावर मी माणसाचा चेहरा काढायला शिकलो. कारण साधं होतं. अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली आणि घरात तिचा धड फोटो नव्हता. आमच्याकडे भिंतीवर तसबिरी लावायची पद्धतच नव्हती. उरला होता तो मतदार ओळखपत्रावरचा, टपाल तिकिटाएवढा. स्टुडिओतून मोठा करून आणला, तर नुसते ठिपके. म्हटलं, आपणच काढू.

आमच्या गल्लीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला मनानं एक चेहरा काढायला लावला. पाहून हसले. "डोळे कपाळात गेलेत," म्हणाले, "सगळ्यांचेच जातात." मग पट्टी देऊन आरशासमोर बसवलं. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं, तर डोळे जवळजवळ मध्यावर! कपाळात आणि केसांत पाहण्यासारखं काही नाही असं आपण धरून चालतो आणि तेवढी जागा चोरतो. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं, हेही त्याच दिवशी कळलं.

पुढचा धडा आणखी गमतीचा. एक छापील चेहरा उलटा ठेवून सरांनी तो तसाच उतरवायला सांगितला. उलटा डोळा 'डोळा' वाटत नाही, नुसता आकार दिसतो आणि हात तो आकार काढतो. चित्र सुलट केलं, तर माझ्या सुलट चित्रांपेक्षा सरस! आपण नाक काढत नाही, 'नाक' हा शब्द काढतो. खऱ्या नाकाला रेघ नसतेच. एका बाजूला उजेड, दुसरीकडे सावली. डोळ्यातलं पांढरंही कोऱ्या कागदासारखं पांढरं नसतं, वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. शब्दांवर पोट नसलं तरी जीव असलेल्या माझ्यासारख्याला हे जरा लागलंच.

वर्षभरानं अम्मा काढायला घेतली. जहांगीर बादशहाच्या पदरी बिशनदास नावाचा चितारी होता. १६१३ साली इराणला निघालेल्या वकिलातीबरोबर त्याला पाठवलं, ते शहा अब्बासचा चेहरा हुबेहूब उतरवून आणायला. त्याच्यासमोर शहा तरी होता. माझ्यासमोर ठिपके, आठवण आणि सरांचा नियम : केसांच्या कडेपासून भुवई, भुवईपासून नाकाचं टोक, तिथून हनुवटी, असे तीन सारखे भाग.

चित्र आपाला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आँखें अम्मा की हैं. पर ये अम्मा नहीं है रे."

मी कागद घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ओळखपत्र भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "आईंचे दात होते का?"

मी गप्प झालो. दात पडले की जबडा वर सरकतो, हनुवटी नाकाजवळ येते, ओठ आत जातात. तिसरा भाग आखूड होतो. मी मात्र नियमाप्रमाणे तो पुरता काढला होता. सर म्हणाले, "नियम तसाच काढण्यासाठी नसतो. माणूस नियमापासून कुठे सरकला, ते कळण्यासाठी असतो. तेवढाच त्याचा चेहरा."

रात्री खोडरबर घेऊन बसलो. अम्मा शेवटची काही वर्षं भाकरी कालवणात कुस्करून खायची. मला वाटायचं, तिला तशीच आवडते. तिच्या डोळ्यांवर, हातांवर मी कविता लिहिल्या, त्यांना टाळ्याही मिळाल्या. रोज ताटासमोर बसून तिच्या तोंडाकडे मात्र बघितलं नव्हतं. कवळी बसवून द्यायला तेव्हा पैसे नव्हते असंही नाही.

हनुवटी बोटभर वर घेतली. ओठ आत घेतले. आणि कागदावर अम्मा आली. आपानं ते चित्र नेलं. भिंतीवर लावलं नाही, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलंय.

श्रोतेहो, घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर एकदा पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसा. चित्र साधलं नाही तरी चालेल. तेवढा वेळ तुम्ही त्याच्याकडे बघाल.